कोथिंबीर नव्हे, ती हेमलॉक

इंग्लंडात ज्या शेतातून सार्वजनिक पायवाट जाते, त्या शेतात वळू मोकळा सोडावा की नाही याचा १९८१चा कायदा आहे. वळू दहा महिन्यांहून मोठा आणि दुधाळ जातीचा असेल, जर्सी, फ्रिझियन, आयर्शायर वगैरे, तर त्याला सोडणं हा गुन्हा. दुधाळ जातीचा नसेल पण एकटा असेल, तरी गुन्हा. मात्र दुधाळ नसलेला वळू गाई-कालवडींच्या सोबत असेल तर हरकत नाही. ब्रह्मचारी वळूवर इंग्लंडच्या संसदेचा विश्वास नाही, संसारी वळूवर आहे.

हे सगळं मी मोबाइलवर वाचत होतो आणि वीसेक पावलांवरून एक वळू मला वाचत होता. रंग तांबूस, तोंड पांढरं, मान माझ्या कमरेएवढी. मागे सात-आठ गाई.

“संसारी आहे,” मी बायकोला धीर दिला.

“संसारी आहे म्हणूनच चिडका असेल,” ती म्हणाली.

दोघांचं मिळून वय एकशे एकतीस. अशी दोन पुणेकर माणसं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी (माझ्या) आणि पिशवीत दशम्यांचा डबा (तिच्या) घेऊन ऑक्सफर्डशरमधल्या त्या शेतात काय करत होती, हे वळूला नसलं तरी वाचकाला सांगायला हवं. आम्ही एका बाईच्या मागावर होतो. बाई १९७६ साली वारल्या. त्याआधी त्यांनी सहासष्ट रहस्यकादंबऱ्या लिहून किती माणसं मारली, याचा हिशेब बँकेत आयुष्य काढलेल्या मलाही जुळवता आलेला नाही.

माझं रहस्यकथेचं शिक्षण बाबूराव अर्नाळकरांच्या शाळेत झालं. या गृहस्थांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि आमच्या पेठेतल्या वाचनालयात त्या रोज बदलून मिळत. झुंजार आणि काळापहाड यांचं राज्य मुंबईत. गुन्हा म्हटला की शहर, रात्र, भरधाव मोटार आणि बंदरावरचं धुकं, ही खूणगाठ मनात पक्की होती. खेड्यात आम्ही मे महिन्यात आंबे खायला जायचो. तिथे मारामारी व्हायची, ती पत्त्यांवरून.

पुढे बँकेत लागल्यावर एका साहेबांनी अगाथा ख्रिस्तीचं पुस्तक हातावर ठेवलं आणि माझा भूगोलच उलटा झाला. खेडं, चर्च, पाद्रीबुवांचं घर, खिडकीत फुलं, टेबलावर मुरंबा आणि पाद्रीबुवांच्या अभ्यासिकेत प्रेत! मिस मार्पलची पहिली कादंबरी १९३० साली आली, तिची सुरुवातच अशी. तिच्याही आधी, १८९२ साली, कॉनन डॉयलच्या शेरलॉक होम्सने आगगाडीच्या खिडकीतून सुंदर शेतवाड्या बघता बघता डॉ. वॉटसनना सुनावलं होतं, की लंडनच्या गलिच्छ गल्ल्यांपेक्षा अशा एकाकी घरांची त्याला जास्त धास्ती वाटते. गल्लीत किंकाळी फुटली तर शेजारी तरी धावतो. इथे शेजारीच अर्ध्या कोसावर.

खून आपल्याकडेही खेड्यात होतात. बांध कोरला म्हणून होतात, विहिरीच्या पाळीवरून होतात. पण त्यात कादंबरीकाराला हात घालायला जागाच नसते. खून कोणी केला हे सगळ्या गावाला दुपारच्या चहापर्यंत ठाऊक झालेलं असतं. साक्ष कोण देणार, एवढंच काय ते रहस्य उरतं. मिस मार्पल आमच्या तालुक्यात आल्या असत्या तर पारावर बसून अर्ध्या तासात सगळं ऐकून, पोहे खाऊन परतीच्या एसटीत बसल्या असत्या. रहस्यकथेला मुळात न बोलणारं गाव लागतं. ते बघायचं म्हणून मुलीकडे डिडकॉटला आल्यावर मी हट्ट धरला, की किल्ला नको, राजवाडा नको, मला वॉलिंगफर्ड ते चोल्सी चालायचंय.

“बाबा, तिथे काही नाहीये,” मुलगी म्हणाली.

“म्हणूनच,” मी म्हणालो.

जावईबापूंनी ऑफिसला जाता जाता आम्हाला वॉलिंगफर्डमध्ये सोडलं. थेम्सच्या काठचं हे टुमदार गाव. हिरवळीच्या कडेला बाकावर अगाथाबाई स्वतः बसलेल्या आहेत, ब्राँझच्या, हातात पुस्तक घेऊन. हा पुतळा २०२३ साली बसवला. बाकावर मुद्दाम जागा मोकळी ठेवली आहे, कोणीही शेजारी बसावं म्हणून. बायको लगेच बसली, डबा मांडीवर ठेवला आणि बाईंकडे नीट निरखून म्हणाली, “खात्यापित्या घरच्या दिसतात.” बाईंच्या गोष्टींतली निम्मी माणसं खाता-पिताच मरतात, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

खुनाच्या बाबतीत या गावाचं नशीब जोरदार. टीव्हीवरच्या ‘मिडसमर मर्डर्स’ या मालिकेत १९९७ पासून भागाला दोन-तीन या हिशेबाने खेडूत मरतात. त्या मालिकेतलं कॉस्टन गाव म्हणून हेच वॉलिंगफर्ड दाखवतात. चौकातल्या धान्यबाजाराच्या जुन्या इमारतीत आता नाट्यगृह आहे, मालिकेतही ते नाट्यगृह म्हणूनच येतं. ते चालवते सिनोडन प्लेअर्स ही हौशी मंडळी, आणि १९५१ पासून थेट मरेपर्यंत त्यांच्या अध्यक्षा कोण, तर अगाथा ख्रिस्ती. लंडनमध्ये १९५२ पासून त्यांचं ‘द माऊसट्रॅप’ धो धो चाललंय आणि इकडे बाई गावच्या हौशी नाटक मंडळाच्या अध्यक्षा! आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात ज्यांची एक एकांकिका स्पर्धेत उत्तेजनार्थ आली होती, ते गृहस्थ गेली बारा वर्षं अध्यक्षपद नाकारण्यासाठी आमंत्रणाची वाट बघतायत.

गावाबाहेर पडताना विंटरब्रुक हाउस लागतं. घर १९३४ साली बाईंनी आणि त्यांच्या दुसऱ्या नवऱ्याने घेतलं. हे मॅक्स मॅलोवन पुरातत्त्वाचे जाणकार आणि बायकोपेक्षा चौदा वर्षांनी लहान. ते इराक-सीरियात टेकाडं उकरत आणि बाई बरोबर जात. निमरूदला सापडलेले हस्तिदंती तुकडे बाईंनी तोंडाला लावायच्या क्रीमने साफ केले, हे ऐकून बायकोला त्यांच्याविषयी पहिल्यांदा आदर वाटला. घर आता खासगी मालकीचं आहे. भिंतीवर निळी पाटी तेवढी आहे. मी कुंपणावरून टाचा उंचावून बघत होतो, तेवढ्यात समोरच्या घराचा पडदा दोन बोटं सरकला आणि पुन्हा जागेवर आला.

इंग्लंडात कोणी तुम्हाला हटकत नाही. आमच्याकडे अनोळखी माणूस गल्लीत शिरला तर “कोण पायजे?” हा प्रश्न तीन गॅलऱ्यांतून एकदम येतो. उत्तर दिलं की प्रकरण मिटतं, कधी कधी चहाही मिळतो. इथे पडदा सरकतो आणि त्यामागे कोणीतरी तुमचं वर्णन मनात लिहून घेतं. मी स्वतःकडे त्या पडद्यामागून पाहिलं: वय साठीच्या पुढे, रंग सावळा, चेहऱ्याचा मोठा भाग लोकरीने झाकलेला, बंद घराची पाहणी करत होता. सोबत एक स्त्री, पिशवीत धातूची जड वस्तू.

गाव संपलं की पायवाट सुरू. ही पायवाट म्हणजे इंग्रजांचं खरं आश्चर्य. शेत खासगी, गुरं खासगी, पीक खासगी, पण मधून जाणारी हातभर वाट सगळ्यांची. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा हक्काच्या वाटा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरतात. खांबावर पिवळा बाण दिसला की निर्धास्त शिरायचं. शेतकऱ्याने वाट नांगरली तर ती त्यानेच पुन्हा करून द्यायची. हे वाचून माझ्या डोळ्यांसमोर आमच्या गावचा शिवरस्ता आला. तो नकाशात आहे, सातबाऱ्यावर आहे, तहसीलदारांच्या तीन आदेशांत आहे. फक्त जमिनीवर नाही.

अर्थात इंग्रजांनाही हे सगळं फुकट मिळालेलं नाही. १९३२च्या एप्रिलमध्ये किंडर स्काउटच्या डोंगरावर शेकडो कामगार पोरं जमीनदारांच्या रखवालदारांना न जुमानता चढली. त्यांतले काही चालण्यापायी तुरुंगात गेले. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. पुण्यात टेकडीवर चालणाऱ्यांपैकी तुरुंगात कोणी गेलेलं नाही. ज्यांना पाठवावं असं रोज सकाळी वाटतं ते वेगळे.

वाटेत ठिकठिकाणी कुंपण ओलांडायला लाकडी पायऱ्या असतात. त्यांना म्हणतात ‘स्टाइल’. माणूस चढतो, मेंढी अडते. बाईंच्या पहिल्या कादंबरीच्या नावातही ‘स्टाइल्स’ आहे, पण ते एका बंगल्याचं नाव. आमच्या गुडघ्यांना ही स्टाइल मारणं जमेना. बायको एका पायरीवर चढून वर बसली आणि पलीकडे पाय टाकायचा निर्णय तिने इतका लांबवला, की दोन मेंढ्या बघायला आल्या. ‘किसिंग गेट’ त्यामानाने सोपं. अर्धगोल कठड्यात झुलणारं फाटक, एका वेळी एकच माणूस जाईल असं. फाटक दोन्ही बाजूंना टेकतं म्हणून ते नाव, असं जाणकार सांगतात. पुढे गेलेल्याने मागच्याकडून मुका वसूल केल्याशिवाय फाटक सोडायचं नाही, असं इतर सांगतात. अडतीस वर्षांच्या संसाराला स्मरून आम्ही जाणकारांचं ऐकलं.

आता मुद्द्यावर येतो, कारण मी फक्त चालायला नव्हतो आलो. मला बाईंचं चालणं चालायचं होतं.

पहिलं महायुद्ध चालू होतं तेव्हा पंचविशीतल्या अगाथाबाई डेव्हनमधल्या टॉर्कीच्या दवाखान्यात औषधं बनवायच्या खोलीत काम करत. चमचाभर चुकलं तर रोगी जाईल अशा बाटल्यांमध्ये दिवस काढता काढता बाईंना रहस्यकथा सुचली. पण ती मध्येच अडकली. तेव्हा आईने सल्ला दिला, की रजा घे, एकटी जाऊन पूर्ण कर. म्हणून १९१६ साली पंधरा दिवस त्या डार्टमूरच्या माळावर हेटॉर इथल्या हॉटेलात राहिल्या. सकाळभर हात दुखेपर्यंत लिहायचं, जेवायचं आणि मग दोन तास माळावर एकटीने चालायचं. चालताना पुढच्या प्रकरणातली सगळी पात्रं स्वतःच व्हायची आणि एकमेकांशी मोठ्याने बोलायची. असं हे पुस्तक पुरं झालं. मग बऱ्याच प्रकाशकांनी ते परत पाठवलं, शेवटी १९२० साली निघालं आणि त्यातून बाईंच्या हाती पंचवीस पौंड पडले. पण औषधशास्त्राच्या एका नियतकालिकाने विषांची माहिती अचूक असल्याबद्दल पाठ थोपटली. पहिलंच पुस्तक आणि शाबासकी कोणाची, तर औषधवाल्यांची!

कल्पना करा, निर्जन माळ, वर करडं आभाळ, दगडांच्या टेकड्या, आणि एक तरुण बाई हातवारे करत येतेय. आधी जाड्या आवाजात कोणालातरी धमकावते, मग बारीक आवाजात स्वतःच घाबरते. आपल्याकडे अशा बाईला लोकांनी एकतर देवीचं वारं म्हणून नारळ फोडला असता, नाहीतर येरवड्याचा रस्ता दाखवला असता. इंग्रज मेंढपाळाने टोपी किंचित उचलून “छान हवा आहे” म्हटलं असेल आणि जन्मभर विषय काढला नसेल. इंग्लंडला एवढे रहस्यकथाकार कसे लाभले, याचं उत्तर मला इथे सापडतं. तिथे लेखकाला मध्येच कोणी तोडत नाही. वेताळ टेकडीवर मी एकदा रिकरिंग खात्यांचा घोळ मनात सोडवत पुटपुटत चाललो होतो. शंभर पावलांत तीन ओळखीचे भेटले. एकाने साखर तपासायला सांगितलं, दुसऱ्याने मुलगा सून बघत नाहीत का म्हणून विचारलं, आणि तिसरा माझ्यापुढे चालत स्वतःचा रिकरिंगचा घोळ सांगू लागला. अशाने कादंबरी कशी होणार?

चोल्सीच्या वाटेवर मोकळीक होती म्हणून मी प्रयोग केला. बायकोला जरा पुढे जाऊ दिलं आणि एक निवृत्त कर्नल व त्याची वारसदार पुतणी यांच्यातलं भांडण मोठ्याने सुरू केलं. कर्नल बरा जमला, आमच्या एका झोनल मॅनेजरांचा आवाज काढला. पुतणी “काका, मृत्युपत्राचं काय?” एवढंच म्हणाली आणि समोरच्या वळणावरून एक बाई कुत्रा घेऊन उगवल्या.

“मॉर्निंग,” बाई म्हणाल्या.

“मॉर्निंग,” मी पुतणीच्या आवाजात म्हणालो.

बाई ढिम्म. “लव्हली डे” म्हणून पुढे गेल्या. कुत्रा मात्र थांबून माझ्या टोपीकडे बघत राहिला.

पुढे बायको वाट बघत उभी होती. “त्या बाईचा नवरा नुकताच गेला असणार,” ती म्हणाली.

“तुला कोणी सांगितलं?”

“गमबूट पुरुषाचे होते, दोन मापं मोठे. आणि कुत्रं तिचं नाही. दर चार पावलांनी मागे वळून बघतंय, दुसरं कोणी येतंय का म्हणून.”

सहासष्ट कादंबऱ्या मी वाचल्यात. ही बाई फक्त भाजीपाल्याचा हिशेब लिहिते. पण सेंट मेरी मीड गावची ती म्हातारी मिस मार्पल दुसरं काय करत होती? जगातला कुठलाही खून पाहिला की तिला गावातला एखादा खाटिकाचा पोऱ्या किंवा मोलकरीण आठवायची आणि त्या धाग्यावरून ती खुन्यापर्यंत पोचायची. पोलीस लेन्स घेऊन बसलेले. मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, “आमच्या मामींना असलं सगळं कळायचं. त्यांना कोणी पुस्तकात नाही घातलं.”

मामी मनात घोळत असतानाच ती ओढ्याकाठी वाकली. “अगं बाई! कोथिंबीर!”

खरोखर कोथिंबीर. हिरवीगार, कोवळी, कातरलेल्या पानांची, पुरुषभर उंच व्हायच्या बेतात. पाहुण्या देशात कोथिंबिरीच्या चार काड्यांना पाऊण पौंड मोजून मोजून गृहिणीची जी मनःस्थिती होते, ती त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर होती. हात पुढे गेला. माझं लक्ष देठाकडे गेलं. देठावर जांभळे ठिपके. सहासष्ट कादंबऱ्यांचं वाचन आयुष्यात पहिल्यांदा कामी आलं.

“हात लावू नकोस! हेमलॉक आहे!”

“म्हणजे काय?”

“सॉक्रेटिसाला दिलं ते.”

“त्याने काय केलं होतं?”

“प्रश्न विचारत होता.”

तिने हात मागे घेतला आणि पदर नसूनही पदराला पुसला. कोथिंबीर, गाजर, बडीशेप, जिरं आणि हेमलॉक ही सगळी एकाच घराण्याची. एक भावंड वाईट निघालं. बाईंनी ‘फाइव्ह लिटल पिग्ज’मध्ये याच घराण्यातल्या या वाया गेलेल्या पोराचा अर्क वापरलाय. तिथून पुढे माझी आणि त्या निसर्गाची मैत्री बिघडली ती बिघडलीच. कोणी इंग्लंडच्या कुंपणांकडे बघून कविता करतो, मला ती औषधवाल्याची फळी दिसायला लागली. फॉक्सग्लोव्हची पानं दिसली की हृदय थांबवणारं डिजिटॅलिस आणि ती पानं पोटात घातलेल्या सारणाची बाईंची गोष्ट. बागेतलं निळं मंक्सहूड म्हणजे आपला बचनाग. चर्चच्या आवारात हमखास असणारं काळपट यू झाड, त्याचं विष तर ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’मध्ये मुरंब्यातून जातं. मुरंब्यातून! पंचवीस पौंड मिळवणाऱ्या त्या औषधखोलीतल्या पोरीने गोऱ्यांचा नाश्ता कायमचा संशयास्पद करून ठेवला.

एका कुंपणाच्या खुंटाला लोकरी हातमोजा अडकवलेला होता. एकच. पुढे अर्ध्या मैलावर लहान मुलाचा पायमोजा, तसाच. मी लगेच वहीत नोंद केली. नंतर मुलीकडून कळलं, की ही इथली रीत आहे. वाटेत कोणाची वस्तू पडलेली दिसली तर उचलून जवळच्या खांबावर नजरेच्या उंचीला ठेवायची, धनी परत आला की त्याला दिसावी. न बोलता केलेली ओळख. पण त्या क्षणी मला हातमोज्यावरून १९२६ आठवलं.

त्या वर्षी अगाथाबाईंची आई गेली आणि नवऱ्याने दुसरीवर जीव जडल्याचं सांगितलं. ३ डिसेंबरच्या रात्री बाई मोटार घेऊन घरातून निघाल्या. सकाळी सरेमधल्या न्यूलँड्स कॉर्नरजवळ खडूच्या खाणीपाशी मोटार सापडली. आत कोट, बाई नाहीत. इंग्लंडच्या इतिहासातला सर्वांत मोठा पायी सहलीचा कार्यक्रम त्यानंतर झाला. पोलीस, शिकारी कुत्री, हजारो हौशी माणसं उतारावरची झुडपं काठीने बडवत फिरली, तळी उपसली. शेरलॉक होम्सच्या जनकाने, त्या तर्कशुद्ध माणसाच्या बापाने, काय केलं असेल? बाईंचा एक हातमोजा मिळवून मनकवड्याकडे दिला. डोरोथी सेयर्स ही दुसरी रहस्यकथाकार जागेवर येऊन बघून गेली आणि तो प्रसंग तिने पुढच्या कादंबरीत वापरला. धंद्यात काही वाया घालवायचं नसतं. आणि बाई? अकरा दिवसांनी सापडल्या, दूर उत्तरेला हॅरोगेटच्या आरामशीर हॉटेलात. तिथे वाद्यवृंदातल्या वादकांनी त्यांना ओळखलं. नाव लिहिलं होतं मिसेस नील, नवऱ्याच्या त्या दुसरीचं आडनाव.

आत्मचरित्रात बाईंनी याविषयी चकार शब्द काढलेला नाही. सगळी माणसं दिवाणखान्यात गोळा करून शेवटी उलगडा करणाऱ्या लेखिकेने स्वतःचं प्रकरण मात्र बंद खोलीत ठेवलं. यावर चर्चा करताना बायको एवढंच म्हणाली, “अकरा दिवस कोणी स्वयंपाकाचं विचारलं नसेल तिला. बरं वाटलं असेल.” आणि पुढचे दोन फर्लांग आम्ही काही बोललो नाही.

चोल्सीचं सेंट मेरी चर्च गावापासून जरा बाजूला, शेतांत आहे. आवाराच्या कोपऱ्यात बाईंची समाधी. आधीच नवऱ्याला घेऊन येऊन बाईंनी स्वतः जागा पसंत केली होती, जाण्याआधी जवळपास दहा वर्षं. आमच्या बँकेतली माणसं फ्लॅट बघायलाही इतक्या सवडीने जात नाहीत. दगड मोठा, वर गुटगुटीत बाळदेवदूत कोरलेले. नाव अगाथा मेरी क्लॅरिसा मॅलोवन. लेखनाचं नाव त्याच्यानंतर. शेजारी मॅक्स.

तिथे एक वृद्ध गृहस्थ गवत नीट करत होते. मी कुठला हे त्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं. “पुणे. पूना.”

गृहस्थांचा चेहरा उजळला. एकेकाळी इंग्रजी विनोदात पूना हे भूगोलातलं नाव नव्हतं, ते एका जातीच्या माणसाचं लक्षण होतं. लाल तोंडाचे, मिशाळ, निवृत्त लष्करी साहेब ‘मी पूनाला होतो तेव्हा’ असं म्हणत इंग्लंडच्या खेड्यांना छळत. बाईंच्या कादंबऱ्यांतही हिंदुस्थानातून परतलेली ही साहेब मंडळी पेरलेली आहेत. त्यांचा पहिला नवरा आर्ची ख्रिस्ती याचा जन्मही पेशावरचा. “माझे पणजोबा किर्कीला होते,” गृहस्थ म्हणाले. किर्की म्हणजे आमची खडकी. मी म्हटलं, आमची मोठी शाखा होती तिथे. शंभर वर्षांपूर्वी पूनाहून आलेला माणूस या गावात क्लबच्या खुर्चीत बसून गोष्टी सांगायचा. आता खराखुरा पूनाचा माणूस आला होता आणि सांगण्यासारखं म्हणजे कर्जवाटपाचे आकडे.

तेवढ्यात शेतापलीकडून आगगाडी धडधडत गेली. पॅडिंग्टनची लाइन ही. ‘फोर-फिफ्टी फ्रॉम पॅडिंग्टन’ १९५७ साली लिहिणाऱ्या बाईंना झोपायला जागा मिळाली ती त्याच लोहमार्गाच्या कानाशी. त्या कादंबरीत शेजारून धावणाऱ्या गाडीच्या खिडकीत एक माणूस एका बाईचा गळा दाबताना दिसतो. मी डिडकॉटला येताना शेजारच्या गाडीत टक लावून बघितलं होतं. प्रत्येक खिडकीत माणूस मान खाली घालून फोन बघत होता. आज कोणी कोणाचा गळा दाबला तर साक्षीदार मिळणार नाही.

दशम्या यू झाडाखाली खाल्ल्या. झाडापासून हात लांब ठेवून. डबा बंद करताना बायको म्हणाली, “टोपी?”

डोक्याला हात लावला. टोपी नव्हती. वळूसमोर घाम फुटला तेव्हा काढली होती, खिशात कोंबली होती. नंतर?

“तुळशीबागेतली होती. साडेतीनशेची. चला मागे.”

“अगं, स्टेशन पलीकडे आहे, गाडी...”

“चला.”

परत निघालो. हातमोज्याचा खुंट, ओढा, हेमलॉक. ऊन उतरलं होतं, माळावर कोणी नव्हतं. किसिंग गेट दोनशे पावलांवर आलं आणि बायको थबकली. तिने माझा हात धरला.

“अहो, तिथे कोणीतरी उभं आहे.”

फाटकाच्या खांबामागे, बरोबर माणसाच्या उंचीवर, एक तपकिरी डोकं. हलत नव्हतं. चेहऱ्याच्या जागी काळं भोक. वयाच्या बाराव्या वर्षापासून जिची वाट पाहिली ती वेळ अखेर आली होती, आणि खरं सांगतो, मला परत जाऊन वळू बघावा असं वाटलं. “तू थांब,” मी म्हणालो. ती थांबली. मग मीही थांबलो. शेवटी दोघं मिळून गेलो.

खांबावर माझी माकडटोपी होती. वरचा गोंडा नीट सरळ केलेला, तोंडाचं भोक वाटेकडे, जेणेकरून धन्याला लांबून दिसावी. फाटक व्यवस्थित लावलेलं.

बायकोने टोपी काढून उलटसुलट केली. कडेला ओलं होतं, लोकरीत चार बारीक भोकं होती, दोन इकडे, दोन तिकडे.

“कुत्र्याने उचलली, पळवत इथवर आणली आणि त्या बाईंनी काढून घेऊन अडकवली,” तिने निकाल दिला. “त्याला वाटलं असेल, त्याच्या मालकाची आहे.”

मी टोपी घ्यायला हात पुढे केला. रहस्यकथेच्या साठ वर्षांच्या वाचकाला आयुष्यात मिळालेला तो पहिला आणि एकमेव पुरावा होता. मला तो तसाच, दातांच्या खुणांसकट, जपून न्यायचा होता.

“धुतल्याशिवाय घालायची नाही,” ती म्हणाली, आणि डिडकॉटला पोचल्यावर चपलाही न काढता तिने तो डेटॉलच्या बादलीत बुडवला.